नऊ घरं, नऊ चांदण्या

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

साखर बंद. आजपासून. संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्यात अकरा उरलेत, ते यांना आणि आल्यागेल्याला. मला नाहीत.

ही डायरी बियाण्याच्या दुकानदाराने यांना फुकट दिलेली. दर पानाखाली शेतीचा सल्ला छापलाय. आजच्या पानाखाली आहे, 'हरभऱ्यावरील घाटेअळीचे नियंत्रण'. माझी अळी निराळी. ती दुपारी चारला जागी होते आणि गोड मागते.

काल जालन्याला अक्षताकडे गेले होते. माझी लेक, तिथेच मस्तगड भागात मामाकडे राहून नर्सिंग शिकते. तिनेच ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, वजन त्र्याऐंशी किलो चारशे, गुडघे त्याच्यामुळेच. मग विचारलं, "आईला होती का?" होती का! माझ्या आईचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग आई. माहेरी तीर्थपुरीला बाजेवर बसून शेवटपर्यंत म्हणायची, "बेबे, घोटभर चहा दे ना गं, घोटानं काय होतंय." मी द्यायचे. मीच द्यायचे.

मी त्या बाजेवर बसणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर दाखवता येईल.

अक्षताने सांगितलं, "मम्मी, उपाशी मरायचं न्हाई. सकाळी मटकी नाहीतर अंडं, पोटभर खायचं. गोडाची हुक्की आली की पाणी प्यायचं आन् दहा मिनिटं थांबायचं." एक निळी स्टीलची बाटली दिली. म्हणाली, लोक चहा पुढे करायच्या आत बाटली तोंडाला लावायची.

यांना सांगितलं तर हसले. "आठवड्यात डब्याशी सापडशील," म्हणाले. रामकिसनराव, बघाच तुम्ही.

२० जानेवारी, सोमवार

अंगणवाडीत मुलं घरी गेल्यावर वजनकाट्यावर उभी राहिले. काटा आयाबाया-पोरांसाठी आहे, पण मीही कोणाची तरी आईच आहे. आकडा सगुणाबाई वाचते, कारण मी वाकले तर पोट मध्ये येतं. "त्र्याऐंशी तीनशे. शंभर ग्रॅम गेलं की ताई!" म्हणाली आणि टाळी दिली.

सगुणाबाई माझी मदतनीस. ती माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी आणि अंगाने काडी. अकरा वर्षं आम्ही दोघी टेंभुर्णीची ही अंगणवाडी चालवतो. मुलांचं जेवण उरकलं की ती दोन कप चहा टाकते, तीन-तीन चमचे साखर, वर गवती चहाचं पातं तिच्या दारातलं. आज मी म्हटलं, माझा टाकू नका. "बिनसाखरेचा करू का?" नको. चहाचा वास नाकात गेला की जीभ साखर मागते, म्हणून चहाच बंद. तिने ऐकलं, पण कप केला होताच. तो थोडा वेळ तसाच राहिला, मग तिने तो आपल्या कपात ओतला.

मी बाटलीतलं पाणी प्यायले. दहा मिनिटं नाही, चाळीस मिनिटं थांबले.

२८ जानेवारी

डोकं ठणकतंय. बारावा दिवस. कोणी बोललं तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. यांनी माझ्यासमोर बशीत चहा ओतून फुर्रर केलं, मी उठून अंगणात गेले. भाजलेले फुटाणे खाल्ले, बडीशेप खाल्ली, दात घासले. चार वाजता दात घासणारी गावात मी एकटीच असेन.

तरी डब्याला हात लावला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोठा दिवस! आज भीमनगरात गृहभेटी होत्या. ती सगुणाबाईची वस्ती. तिथले लोक फार आग्रही, कप हातात कोंबल्याशिवाय सोडत नाहीत. मागच्या वर्षीपर्यंत मी तिथून नऊ कप चहा पिऊन निघायचे, म्हणजे सत्तावीस चमचे साखर. आज उंबऱ्यातच सांगितलं, "काही करू नका, मी काही घेत नाही." मग पाणी तरी घ्या म्हणाले. म्हटलं, पाणीसुद्धा आहे माझं, आणि बाटली वर करून दाखवली.

नऊ घरं, नऊ नकार. आठवं घर सगुणाबाईचंच. तिची सून प्रियदर्शनी, बी.एड. झालेली, ट्रेमध्ये कप घेऊन उभी होती. तिलाही नाही म्हटलं. मन घट्ट करावं लागलं, कारण तिच्या चहात वेलदोडा असतो.

स्वतःला नऊ चांदण्या दिल्या. ही बघा: ☆☆☆☆☆☆☆☆☆

परत येताना सगुणाबाई गप्प होती. ऊन लागलं असेल.

१७ फेब्रुवारी

खरं लिहायचं ठरवलंय तर खरं लिहिते. आज मुलांच्या शिऱ्यासाठी गूळ फोडत होते. एक खडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग तिसरा मुठीत लपवून मी कोठीच्या दाराआड गेले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पोरांचा गूळ चोरून खाते.

वळले तर सगुणाबाई. तिने पाहिलं, आणि तोंड फिरवून भांडी घासायला लागली. एरवी तिने पदरात तोंड घालून हसून हसून जीव घेतला असता.

अक्षताला फोन केला. ती म्हणाली, "पडलीस तर पडलीस. एक दिवस बुडाला म्हणून महिना बुडवायचा न्हाई. सकाळी काय खाल्लं होतं?" काहीच खाल्लं नव्हतं, घाईत होते. "मंग गूळ काय करील?" बरोबर आहे पोरीचं. उपाशी पोटी मी गुळासमोर जायचं नाही.

वजन एक्क्याऐंशी आठशे.

४ मार्च, मंगळवार

मोडलं. आज पूर्ण मोडलं.

पर्यवेक्षिका मॅडम आल्या होत्या. त्यांना घेऊन संपतरावांच्या घरी गेलो, त्यांच्या सुनेला, मोनालीला, तिसरा महिना आहे. संपतरावांची बायको दैवशालावहिनी, गावातलं मोठं घर. मॅडमसमोर निळ्या फुलांच्या कपबशा आल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तर वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत न्हाई का काय आता?" मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. अशा वेळी कसं नाही म्हणणार? तसं बोलल्यावर तर माणसाचा अपमानच होतो. घेतला. सगळा प्यायले, बशीतला साय-साखरेचा शेवटचा घोटसुद्धा. जिभेला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

सगुणाबाई आत आलीच नाही, पायरीवरच बसली. तिला कागदी कपात तिथेच दिला. तिने तो प्याला की ओतून दिला, मी पाहिलं नाही. मी माझ्या पापात बुडाले होते.

एक चांदणी खोडली.

२१ मार्च

ऐंशी किलो शंभर. हा आकडा मीच वाचला. सगुणाबाईला म्हटलं, या, वाचा. ती म्हणाली, "तुमचं तुम्हीच पाहा ताई, माझे डोळे गेले." परवाच तिने तांदळातला खडा दुरून ओळखला होता.

तिचं काहीतरी बिनसलंय. दुपारचा चहा ती आता ओट्यावर जाऊन एकटी पिते. मी विचार केला, मला मोह होऊ नये म्हणून जात असेल. किती करते ही माझ्यासाठी! 'थांबा की आत,' असं म्हणायला पाहिजे होतं, पण वासाची भीती वाटली.

वाकून पाहिलं आणि आकडा दिसला, हे मात्र झालं. पोट मध्ये आलं नाही. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

३० मार्च, पाडवा

गुढीला साखरेची गाठी बांधली. उतरवल्यावर यांनी ती माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "घे, हार घाल, साखरेवर विजय मिळवला ना?" सगळे हसले. मी गाठी काढून यांच्या गळ्यात घातली आणि म्हटलं, तुमचंही पोट मोजून घ्या एकदा. सासूबाईंसमोर बोलले! मग पोटभर भाकर, वांग्याची भाजी, दही. गोडाची आठवण झाली, पण आधी ती अंगावर यायची, आता दारात उभी राहून निघून जाते.

चमचाभर श्रीखंड मात्र खाल्लं. ठरवून, ताटात वाढून, सगळ्यांसमोर. चोरून नाही. चांदणी खोडली नाही.

१४ एप्रिल, सोमवार

मन थाऱ्यावर नाही.

जयंतीला दरवर्षी जाते तशी भीमनगरात गेले. निळी पैठणी मुद्दाम नेसले. गावातल्या आमच्या गल्लीतून बायकांत मी एकटीच जाते, हे लिहायला हरकत नाही. विहारासमोर मंडप, ऊन रणरणतं. सगळ्यांना जय भीम केला. प्रियदर्शनी सरबताचा ग्लास घेऊन आली. म्हटलं, "न्हाई गं, मी घेत नाही." "मंग पाणी घ्या, जारचं आहे, थंड." मी नेहमीसारखी बाटली वर केली. "माझं आहे माझ्याजवळ." आणि तिथेच, मंडपात, पाच-पन्नास लोकांसमोर, घोट घेतला.

ती पोरगी म्हणाली, "संपतरावांच्या घरी बरं चालतो चहा."

हे हिला कुणी सांगितलं? त्या दिवशी तिथे सगुणाबाईशिवाय कोण होतं? म्हणजे माझं मोडलं हे तिने घरी जाऊन सांगितलं. वस्तीभर झालं असेल, बाई मोठी साखर सोडणारी आणि मोठ्या घरी बशी चाटते. अकरा वर्षांच्या मैत्रिणीने चुगली केली. उद्या सुट्टी घेते. परवा विचारतेच.

१६ एप्रिल

विचारलं.

१७ एप्रिल, गुरुवार

काल एक शब्द लिहून डायरी मिटली. आज सगळं लिहिते, जसं झालं तसं.

मुलं गेल्यावर मी म्हटलं, "सगुणाबाई, माझ्या चहाची चुगली कशाला केली घरी?"

ती खिचडीचं पातेलं घासत होती. हात थांबले. "चुगली?"

"संपतरावांकडे मी चहा घेतला ते. माझं मोडलं ते सांगत फिरायचं काय कारण?"

तिने पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली, जणू मला वेड लागलंय. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला खरंच वाटून राह्यलं का, की मी तुमची साखर मोजते?"

"मग?"

"आमच्या नऊ घरी तुम्ही पाणी घेतलं न्हाई. बाटली दाखवली. नऊच्या नऊ घरी. मपल्या घरी, मपल्या सुनेसमोर. मंग संपतरावाच्या घरी कपबशी घेतली आन् मी पायरीवर. लोक काय समजले असतील? मी काय समजायचं?"

माझ्या तोंडून आलं, "तुम्ही मला ओळखत नाही का? तुमची नेमणूक झाली तेव्हा लोक पोरं पाठवत नव्हते. सगळ्यांसमोर मांडी घालून तुमच्या हातची खिचडी मीच खाल्ली ना पहिल्यांदा?"

"खाल्ली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "अकरा वर्सं झाली. दर साली तुम्ही ती खिचडी सांगता. नव्या मॅडम आल्या की सांगता. एका ताटलीचे उपकार मी किती दिवस फेडू? भूक लागली की सगळेच खातात, ताई. आमच्या घरी न्हाई म्हणणारे आम्ही लई पाहिले. पण ते आधीपासून न्हाई म्हणत होते. तुम्ही हो म्हणत होत्या, मंग न्हाई म्हणल्या."

पातेलं पालथं घालून ती निघून गेली.

रागाच्या भरात मी घरी आले. कारण मी खोटी नाही! मी साखर सोडली, माणसं नाही सोडली. आईचं पाऊल गेलं, मी माझं वाचवतेय, त्यात जात कुठून आली? तासभर स्वतःशीच भांडत होते. मग पुरावा काढावा म्हणून ही डायरी उघडली. पाच फेब्रुवारी. 'पाणीसुद्धा आहे माझं.' चार मार्च. 'तसं बोलल्यावर तर माणसाचा अपमानच होतो.' माझंच अक्षर. त्या दिवशी दैवशालावहिनींच्या अपमानाची काळजी केली. नऊ घरांची केली नाही, आणि वर चांदण्या काढल्या.

हे पान फाडणार होते. फाडणार नाही. राहू दे.

साखर मात्र पुन्हा सुरू करणार नाही. मन इतकं उदास आहे की डब्यातली सगळी साखर संपवावी, पण त्याने सगुणाबाईच्या घरचं पाणी प्यायल्यासारखं होत नाही.

२० एप्रिल, रविवार

भर दुपारी दोनला निघाले. बाटली मुद्दाम घरी ठेवली. भीमनगरपर्यंत घसा कोरडा पडला. सगुणाबाई ओट्यावर गहू निवडत होती. मला पाहूनही निवडतच राहिली.

"पाणी द्या," मी म्हटलं.

"बाटली कुठंय?"

"घरी."

"विसरल्या?"

"न्हाई. ठेवून आल्ते."

ती उठली. माठातलं पाणी तांब्याने दिलं. मी तिथेच उभ्याने सगळा तांब्या संपवला, पदर ओला झाला. ती आत गेली आणि कप घेऊन आली. चहा. गवती चहाचा वास, तीन चमचे तरी असणार. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि बसून राहिली. दारात प्रियदर्शनी उभी होती.

तीन महिन्यांत इतका मोह झाला नव्हता. कप उचलला की सगळं मिटतं. पण मग मी तोच कप जन्मभर पीत राहीन, आणि तिला वाटेल की हिने माफी मागायला साखर खाल्ली.

म्हटलं, "चहा न्हाई घेणार. तुमच्याकडंबी न्हाई आन् संपतरावाकडंबी न्हाई. तिथं घेतला ती मपली चूक. तुमच्या घरचं पाणी न्हाई घेतलं ती त्याच्याहून मोठी चूक. भूक लागली, भाकर असंल तर वाढा."

"भाकर सकाळची हाय."

"असू द्या."

ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा, वाटीभर पिठलं. दोन भाकरी खाल्ल्या. प्रियदर्शनीने तिसरी विचारली तेव्हा तिच्या आवाजातला काटा थोडा मोडला होता, पूर्ण नाही. सगुणाबाई म्हणाली, "एका जेवणानं भागत न्हाई, ताई." मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि ही भाकर मी कोणाला सांगत फिरणार नाही. यावर ती पहिल्यांदा हसली. मग तो चहा तिने स्वतः प्याला, माझ्यासमोर बसून.

निघताना म्हणाली, "ती बाटली उद्या आणा. मला द्या."

"कशाला?"

"काम हाय."

२८ एप्रिल, सोमवार

सगुणाबाईने आज आकडा वाचला. "सत्त्याहत्तर नऊशे." डोळे परत आले तिचे.

मग गृहभेटी. आता मी घरोघरी पाणी मागून पिते. आज सात घरं, सात तांबे, मध्ये दोनदा आडोसा शोधावा लागला. चहाला नाही म्हटलं तरी कोणाचं तोंड पडलं नाही. 'साखर सोडली, आईचं असं असं झालं,' एवढं सांगितलं की बायकाच म्हणतात, माझंही तपासायचंय. हे मी पाच फेब्रुवारीलाच का सांगितलं नाही, देव जाणे. चांदण्या मोजण्यात गुंतले होते.

शेवटचं घर संपतरावांचं. मोनालीचं वजन घ्यायचं होतं. दैवशालावहिनी म्हणाल्या, "या ताई, बसा. सगुणे, तू बस तिथं पायरीला."

सगुणाबाई आत आली. सरळ आली आणि दिवाणावर माझ्या शेजारी बसली. अकरा वर्षं या घरी येतोय. ती कुठे बसते हे मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. वहिनींनी एकदा मोनालीकडे पाहिलं. आत गेल्या आणि ट्रे घेऊन आल्या. त्यात निळ्या फुलांची कपबशी एक आणि कागदी कप एक.

आता बोलतेच म्हणून तोंड उघडलं, तर सगुणाबाईने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"न्हाई वहिनी," ती म्हणाली. "मी साखर सोडली."

"तू? अगं, काडी झालीस, तुला काय झालंय सोडायला?"

"काही न्हाई झालं. सोडली." आणि तिने पिशवीतून निळी बाटली काढली. "पाणीबी हाय मपलं."

झाकण उघडून तिने निवांत घोट घेतला. मोनालीने ओढणीत हसू दाबलं. वहिनी ट्रे धरून उभ्याच. मग सगुणाबाईने बाटली माझ्यापुढे केली.

मी ट्रेमधली कपबशी मागे सरकवली. "मीबी सोडली, वहिनी," म्हटलं आणि बाटली तोंडाला लावली. पाणी तिच्या माठातलं होतं, चांगलं गार.